वकीलताईंना विचारा : ९७ विरुद्ध ० मतांनी जज झालेले श्रीनिवासन

मागच्या अंकात टिकटॉकच्या अमेरिकेतल्या केसवर एक प्रश्न आला होता आणि उत्तर देताना मी जाता जाता एक वाक्य लिहून गेले, की अपील कोर्टात निकाल देणाऱ्या तीन जजपैकी दोघं भारतीय वंशाचे होते, एक श्री श्रीनिवासन आणि दुसऱ्या नेओमी राव. त्या एका वाक्यावर जेवढे मेसेज आले तेवढे मूळ केसवर पण आले नाहीत. म्हणून या वेळी सगळा कॉलम त्यालाच दिलाय, मुख्य करून श्रीनिवासन यांना, कारण त्यांची नेमणूक कशी झाली हे वकील म्हणून मला फार महत्त्वाचं वाटतं आणि बरेच दिवस लिहायचं मनात होतं.

प्रश्न : ताई, तुम्ही बाकी कुणाला श्री-श्रीमती लावत नाही, मग याच जजना 'श्री' का लावलंत? आणि अपील कोर्ट म्हणजे आपलं हायकोर्टच ना? – निवृत्त शिक्षक, चिपळूण

सर, ते आदराचं 'श्री' नाही, ते त्यांचं नावच आहे. पूर्ण नाव पद्मनाभन श्रीकांत श्रीनिवासन, त्यातल्या श्रीकांतचं श्री झालं आणि तेच सगळीकडे चालतं, कोर्टाच्या कागदावर सुद्धा.

आता कोर्टाचं. हायकोर्ट म्हटलं तर कामापुरतं चालेल पण पूर्ण जुळत नाही. आपल्याकडे कोर्टांची एकच उतरंड आहे, तालुक्याच्या कोर्टातली केस चढत चढत मुंबई हायकोर्टात आणि तिथून दिल्लीला जाते, कायदा राज्याचा असो की केंद्राचा. अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतःची वेगळी कोर्टं आहेत, त्यांचं स्वतःचं सुप्रीम कोर्ट पण असतं, आणि त्याला समांतर केंद्राची कोर्टं, ज्यांना तिथे फेडरल म्हणतात. या फेडरल रांगेत खाली ९४ डिस्ट्रिक्ट कोर्टं, मध्ये १३ अपील कोर्टं आणि वर एक सुप्रीम कोर्ट. मधल्या अपील कोर्टांना सर्किट म्हणतात कारण पूर्वी जज लोक घोड्यावरून गावोगाव फिरून केस चालवायचे.

श्रीनिवासन ज्या कोर्टात आहेत ते डीसी सर्किट, म्हणजे राजधानी वॉशिंग्टनचं. हद्द बघाल तर तेराही कोर्टांत सगळ्यात छोटी, एका शहराएवढी, पण वजन फार मोठं. कारण केंद्र सरकारची पर्यावरण, टेलिकॉम, कामगार वगैरे जी खाती आणि आयोग नियम काढतात त्या नियमांना आव्हान द्यायचं तर बऱ्याच वेळा याच कोर्टात यावं लागतं. एकूण ११ जज, केस शक्यतो तिघांच्या बेंचपुढे चालते, फार महत्त्वाची असेल तर सगळे एकत्र बसतात. सुप्रीम कोर्ट वर्षाला साठ-सत्तरच केसेस पूर्ण ऐकतं, त्यामुळे बहुतेक लोकांसाठी अपील कोर्टाचा निकाल हाच शेवटचा निकाल.

प्रश्न : मी लॉच्या चौथ्या वर्षाला आहे. मॅडम, श्रीनिवासन सरांचा करिअर ग्राफ सांगाल का? एका ठिकाणी वाचलं ते आधी 'क्लार्क' होते, म्हणजे अगदी खालून वर आले का? – विद्यार्थिनी, लातूर

बाळा, इथे गडबड शब्दाची आहे. आपल्याकडे कोर्टातला क्लार्क म्हटलं की फायली लावणारा, तारखा देणारा माणूस डोळ्यासमोर येतो. तिकडचा लॉ क्लार्क म्हणजे नुकताच पास झालेला, कॉलेजातला अगदी वरच्या नंबरचा विद्यार्थी, जो साधारण एक वर्ष एका जजच्या चेंबरमध्ये बसून केस वाचतो, टिपणं काढतो, जजशी वाद घालतो, निकालाचा कच्चा मसुदा लिहितो. सुप्रीम कोर्टाच्या जजकडे ही जागा मिळणं म्हणजे तिथल्या वकिली धंद्यातला सगळ्यात मोठा मान. आता आपल्या सुप्रीम कोर्टात आणि हायकोर्टांत पण लॉ क्लार्क घेतात, तू जरूर अर्ज कर.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १९६७ चा, चंडीगडचा. आईवडील तमिळ, वडील गणिताचे प्राध्यापक. लहान असतानाच कुटुंब अमेरिकेला गेलं आणि कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावात राहिलं, तिथल्या युनिव्हर्सिटीत वडील शिकवायचे. शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये होते आणि त्यांच्याच टीममध्ये डॅनी मॅनिंग होता जो पुढे एनबीएमधला मोठा खेळाडू झाला. मग स्टॅनफर्ड, १९८९ ला पदवी आणि १९९५ ला तिथूनच कायदा आणि एमबीए दोन्ही.

त्यानंतर एक वर्ष ते जज विल्किन्सन यांच्याकडे क्लार्क होते, चौथ्या सर्किटचे जज, रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नेमलेले. मग एक वर्ष सॉलिसिटर जनरलच्या ऑफिसात फेलो, आणि १९९७-९८ ला सुप्रीम कोर्टाच्या जज सँड्रा डे ओ'कॉनर यांच्याकडे, ज्या त्या कोर्टातल्या पहिल्या महिला जज आणि त्या पण रेगन यांनीच नेमलेल्या. म्हणजे ज्यांना पुढे डेमोक्रॅट पक्षाच्या ओबामांनी जज केलं त्यांना घडवणारे दोन्ही जज समोरच्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाने नेमलेले होते, हे लक्षात ठेव, पुढच्या उत्तरात लागणार आहे.

मग एका मोठ्या लॉ फर्ममध्ये गेले, २००२ ला पुन्हा सॉलिसिटर जनरलच्या ऑफिसात आले, ते थेट २००७ पर्यंत, आणि तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते रिपब्लिकन पक्षाचे धाकटे बुश. हे ऑफिस काय आहे ते सांगते. वीसेक वकिलांचं छोटं ऑफिस आहे आणि सुप्रीम कोर्टात केंद्र सरकारची बाजू हेच मांडतात. सरकार बदललं तरी वरची दोनचार माणसं बदलतात, बाकीचे तेच. २००७ नंतर परत फर्म, पार्टनर म्हणून, आणि ऑगस्ट २०११ ला ओबामांच्या काळात तिसऱ्यांदा त्याच ऑफिसात, यावेळी नंबर दोनच्या खुर्चीवर. जज होईपर्यंत सुप्रीम कोर्टात त्यांनी २५ केसेस स्वतः उभं राहून चालवल्या होत्या. आपल्याकडच्या मानाने २५ हा आकडा तुला लहान वाटेल पण तिथे एका बाजूला साधारण अर्धाच तास मिळतो आणि त्या अर्ध्या तासात नऊ जज मध्ये मध्ये तोडून प्रश्न विचारत असतात, पाठ केलेलं भाषण दोन मिनिटांत कोसळतं. त्या अर्ध्या तासासाठी महिना महिना तयारी करतात, ऑफिसातले सहकारी खोटे जज होऊन आधी दोनदा झोडपून काढतात. हे करायची सवय आपल्याकडच्या ज्युनियर वकिलांना लागली तर मला फार आनंद होईल, तुम्ही पोरीपोरी मिळून हॉस्टेलवर पण करू शकता, कॉलेजातल्या मूट कोर्टची, म्हणजे सरावाच्या खोट्या खटल्याची, वाट बघत बसू नका.

प्रश्न : मी गुहागरचा. इंटरनेटवर वाचलं की हे श्रीनिवासन एनरॉनच्या साहेबाचे वकील होते. ताई, त्या कंपनीने आमच्याकडे काय केलं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. असा माणूस जज कसा होऊ शकतो? – एक वाचक

दादा, तुमचा राग मला कळतो. एनरॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाच्या वेळी मी शिकत होते पण वीज किती महाग पडणार, जमिनी, मच्छीमार, मोर्चे, हे सगळं घराघरात बोललं जायचं. १९९५ ला सरकारने करार रद्द केला, परत बोलणी करून जिवंत केला, आणि २००१ ला प्रकल्प बंद पडला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत कंपनीच दिवाळखोरीत गेली.

तुम्ही वाचलंय ते खरं आहे. एनरॉनचा माजी सीईओ जेफ्री स्किलिंग, त्याला कंपनीतल्या घोटाळ्याबद्दल २००६ ला २४ वर्षांची शिक्षा झाली होती, आणि १ मार्च २०१० ला सुप्रीम कोर्टात त्याच्या बाजूने उभे राहिलेले वकील श्रीनिवासनच. पण त्यांचा मुद्दा काय होता ते बघा. दाभोळचा तिथे काही संबंध नव्हता. प्रश्न असा होता, की 'प्रामाणिक सेवेपासून वंचित ठेवणं' असा एक गुन्हा तिथल्या कायद्यात होता, इतका मोघम की त्यात कोणालाही बसवता येईल, मग अशा मोघम शब्दांवर माणसाला जेलमध्ये टाकायचं का. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे कलम फक्त लाच आणि कमिशनखोरीपुरतंच वापरता येईल. स्किलिंग सुटला नाही, त्याची शिक्षा पुढे २०१३ ला १४ वर्षांवर आली. पण तो निकाल उद्या एखाद्या साध्या नगरसेवकाला, कारकुनाला पण उपयोगी पडतो, ज्याला मोघम कलमात अडकवलंय.

आणि फक्त एनरॉनच नाही. इंडोनेशियातल्या आचे प्रांतातल्या गावकऱ्यांनी एक्सॉन या तेल कंपनीवर अत्याचाराची केस केली होती, त्यात पण ते कंपनीच्या बाजूने होते. यावरून ओबामांच्याच गोटातले, कामगार आणि मानवी हक्कांसाठी काम करणारे लोक नाराज होते, त्यांना हा माणूस नको होता. म्हणजे तुमच्यासारखाच प्रश्न तिकडे पण विचारला गेलाय.

मी वीस वर्षं जिल्हा कोर्टात वकिली करते. माझ्याकडे हुंड्याच्या केसमधली सासू येते आणि दुसऱ्या केसमधली सून पण येते. मी दोघींची बाजू मांडते, जीव तोडून मांडते, आणि त्यावरून माझं मत काय हे कुणी ठरवायला लागलं तर माझ्याकडे येणारा निम्मा माणूस वकिलाशिवाय राहील. अशीलाचं पाप वकिलाच्या माथी मारायला लागलो की सगळ्यात आधी मरतो तो गरीब आरोपी, कारण एनरॉनच्या साहेबाला वकील कसाही मिळतो, पण ज्याच्या नावाने गावात शिव्या पडतायत अशा फाटक्या माणसाची केस घ्यायला मग कोण धजेल? हे मी मनापासून सांगते दादा, या मुद्द्यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

आणि याचीच दुसरी बाजू बघा, म्हणजे मी एवढी चिडून का लिहिते ते कळेल. श्रीनिवासन यांच्या आधी त्याच कोर्टासाठी ओबामांनी केटलिन हॅलिगन यांचं नाव दिलं होतं. अतिशय हुशार वकील, न्यूयॉर्क राज्याच्या सॉलिसिटर जनरल होत्या. राज्याने बंदूक बनवणाऱ्या कंपन्यांवर केस केली होती आणि राज्याच्या वकील म्हणून त्यांनी ती चालवली. एवढ्यावरून त्यांना बंदूकविरोधी ठरवलं आणि सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, दोनदा अडवलं, डिसेंबर २०११ ला आणि मार्च २०१३ ला. मार्चमध्ये त्यांच्या बाजूने ५१ आणि विरोधात ४१ मतं होती, म्हणजे बहुमत होतं, तरी अडल्या, का ते खाली सांगते. शेवटी त्यांनीच नाव मागे घ्यायला लावलं. जे काम त्यांचं कर्तव्य होतं त्याचीच त्यांना शिक्षा मिळाली, हे मला आजही बरोबर वाटत नाही.

प्रश्न : ओबामांनी नाव दिलं तर रिपब्लिकन लोकांनी एकही विरोधी मत कसं दिलं नाही? सेटिंग होती का? आणि नेमणुकीची पद्धत थोडक्यात सांगा. – नाशिक

पद्धत आधी. फेडरल जज राष्ट्राध्यक्ष सुचवतो आणि सिनेट मंजूर करतं, एवढंच घटनेत आहे. वय किती, वकिली किती वर्षं, यातलं काहीच घटनेत लिहिलेलं नाही, अगदी कायद्याची पदवी हवी असं पण नाही. प्रत्यक्षात मात्र चाळणी फार बारीक असते. आधी व्हाइट हाउसचे वकील आणि एफबीआय माणसाचं सगळं आयुष्य तपासतात, मग सिनेटच्या न्यायसमितीची लांबलचक प्रश्नावली भरायची, त्यात आजवर चालवलेल्या मोठ्या केसेस, लिहिलेले लेख, दिलेली भाषणं, पैशाचे व्यवहार. मग समितीपुढे उघड सुनावणी, कॅमेऱ्यासमोर, मग समितीचं मतदान आणि शेवटी पूर्ण सिनेटचं. एकदा झाला की आयुष्यभर जज, काढायचं तर महाभियोगच लागतो, आणि तिथल्या सगळ्या इतिहासात महाभियोगाने फक्त आठ फेडरल जज घरी गेलेत.

आपल्याकडे हायकोर्टाचा जज बासष्टाव्या वर्षी निवृत्त होतो आणि नावं कॉलेजियम, म्हणजे वरिष्ठ जजच, ठरवतात. त्यासाठी आयोग आणायचा कायदा झाला होता तो सुप्रीम कोर्टाने २०१५ ला रद्द केला. आपल्या उमेदवाराला लोकांसमोर बसवून कुणी प्रश्न विचारत नाही. मला विचाराल तर ती उघड सुनावणी मला आवडते, पण त्यानंतरचं पक्षाचं राजकारण आपल्याकडे आलं तर आपलं काय होईल याची भीती पण वाटते. दोन्ही खरं आहे.

आता ९७ विरुद्ध ० बद्दल. श्रीनिवासन यांचं नाव ओबामांनी ११ जून २०१२ ला पाठवलं. निवडणुकीचं वर्ष, काही हललं नाही, मुदत संपल्यावर नाव परत आलं, जानेवारी २०१३ ला पुन्हा पाठवावं लागलं. जी खुर्ची त्यांना मिळणार होती ती नोव्हेंबर २००८ पासून रिकामी होती. ११ जजच्या कोर्टात त्या वेळी चार जागा रिकाम्या, आणि त्या कोर्टावर शेवटची मंजुरी २००६ ला झालेली, कॅव्हनॉ यांची, जे आता सुप्रीम कोर्टात आहेत. भांडण एवढं जुनं होतं की एक पक्ष दुसऱ्याचा माणूस बसूच देत नव्हता. सिनेटचा तेव्हाचा नियम असा की चर्चा थांबवून मतदानाला जायचं तर १०० पैकी ६० मतं लागायची, म्हणजे ४१ जण अडून बसले की संपलं. हॅलिगन बाईंचं असंच झालं.

मग यांचं का झालं नाही? सेटिंग म्हणू नका, मागची पंधरा वर्षं मोजा. बुश यांच्या काळात पाच वर्षं त्यांनी सरकारची बाजू मांडली, ओबामांच्या काळात परत. दोन्ही पक्षांनी नेमलेल्या बॉसच्या हाताखाली काम केलं. म्हणून जेव्हा वेळ आली तेव्हा सॉलिसिटर जनरल ऑफिसच्या बारा माजी वरिष्ठांनी सिनेटला पत्र लिहून त्यांना पाठिंबा दिला आणि त्यात केन स्टार, टेड ओल्सन, पॉल क्लेमंट असे रिपब्लिकन सरकारांत काम केलेले मोठे वकील होते. या लोकांनी त्यांचे कच्चे मसुदे वाचले होते, रात्री अकराला त्यांच्याशी मुद्द्यावरून भांडले होते. शिफारस अशी हवी, ज्याने तुमचं काम पाहिलंय त्याची.

अजून एक सांगते, हे मला फार आवडतं. २७ मार्च २०१३ ला सुप्रीम कोर्टात समलिंगी विवाहाबद्दलची विंडसर केस होती, देशभर गाजलेली, आणि त्यात कोर्टाला ही केस ऐकायचा अधिकार आहे का या किचकट मुद्द्यावर सरकारतर्फे श्रीनिवासन उभे होते. स्वतःची सुनावणी दोन आठवड्यांवर आलेली. कुणीही म्हणालं असतं की आत्ता नको, एखादा सिनेटर चिडेल. ते गेले आणि आपलं काम केलं. १० एप्रिलला समितीपुढे बसले, तिथे रिपब्लिकनांमधले अगदी कडवे टेड क्रूझ यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की आमची जुनी मैत्री आहे. १६ मेला समितीत १८ विरुद्ध ०, आणि २३ मेला सिनेटमध्ये ९७ विरुद्ध ०, तिघं गैरहजर. अशा रीतीने ते अपील कोर्टातले पहिले दक्षिण आशियाई वंशाचे जज झाले, वय ४६.

सहाच महिन्यांत, २१ नोव्हेंबर २०१३ ला, पुढच्या तीन नावांवरून परत अडवाअडवी झाली तेव्हा डेमोक्रॅट लोकांनी ती साठ मतांची अटच काढून टाकली. आता साध्या बहुमतावर जज होतो. त्यांना दुसरा इलाज राहिला नव्हता असं मला वाटतं, चार चार वर्षं खुर्च्या रिकाम्या ठेवून कोर्ट चालत नाही. पण त्याची किंमत पण मोजावी लागली, आता समोरच्या पक्षाला पटेल असा माणूस शोधायची गरजच संपली. त्याच कोर्टावर पुढे आलेल्यांची मतं बघा, कात्सास ५० विरुद्ध ४८, राव ५३ विरुद्ध ४६, केतनजी ब्राउन जॅक्सन ५३ विरुद्ध ४४. श्रीनिवासन यांच्यानंतर डीसी सर्किटवर एकमताने कुणीच आलेलं नाही.

प्रश्न : त्यांनी गीतेवर हात ठेवून शपथ घेतली हे खरं का? तिथे चालतं? – कोल्हापूर

खरं आहे. सप्टेंबर २०१३ च्या समारंभात, आईने गीता हातात धरली होती आणि शपथ दिली ती त्यांच्या जुन्या बॉस ओ'कॉनर यांनीच. तिथल्या घटनेत स्पष्ट आहे की कुठल्याही पदासाठी धर्माची अट लावता येणार नाही, त्यामुळे बायबल, गीता, कुराण किंवा कुठलाच ग्रंथ नाही, सगळं चालतं.

प्रश्न : आमची डाळिंबाची बाग आहे. व्हॉट्सअॅपवर आलं होतं की अमेरिकेच्या कोर्टाने डाळिंबाचा ज्यूस औषधी नाही असा निकाल दिला आणि तो याच जजचा आहे. आमच्या भावावर परिणाम होईल का? – सांगोला

भावावर परिणाम नाही, निकाल जानेवारी २०१५ चा आहे, बिनधास्त राहा. पण मेसेज अर्धवट आहे. पॉम वंडरफुल नावाची मोठी कंपनी आहे, तिने जाहिराती केल्या की आमच्या डाळिंबाच्या रसाने हृदयविकार, प्रोस्टेटचा कॅन्सर असे आजार टळतात, बरे होतात. ग्राहकांची फसवणूक बघणाऱ्या सरकारी आयोगाने यातल्या ३६ जाहिराती फसव्या ठरवल्या. कंपनी अपिलात गेली, निकालपत्र श्रीनिवासन यांनी लिहिलं. डाळिंब वाईट आहे असं त्यात एका शब्दाने नाही. आजार बरा होतो म्हणायचं तर माणसांवर रीतसर चाचणी केलेली हवी, आणि ती न करता, किंवा झालेल्या चाचण्यांतल्या सोयीच्याच दाखवून, लोकांना भुलवता येणार नाही, एवढंच. उलट आयोगाने दोन चाचण्या हव्यात असा जो हुकूम पुढच्यासाठी काढला होता तो कोर्टाने एकावर आणला, म्हणाले दोनचा आग्रह धरायला पुरेसं कारण दिसत नाही. सरकारची बाजू बरोबर तर बरोबर, पण जिथे जास्त झालं तिथे कापलं. आपल्या टीव्हीवर रोज जे काढे आणि तेलं विकतात ते बघून मला वाटतं हे निकालपत्र मराठीत कुणीतरी आणायला हवं.

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीला असते. तिच्या सासूबाईंना बघायला एजन्सीची बाई येते, तिला तासाप्रमाणे आणि ओव्हरटाइम वेगळा द्यावा लागतो म्हणे. हे पण त्याच कोर्टाने केलं का? – आजी, डोंबिवली

हो आजी, नियम कामगार खात्याचा, पण तो टिकवला याच कोर्टाने. तिथे १९७४ च्या कायद्यात घरी राहून म्हाताऱ्यांना सोबत करणाऱ्यांना किमान वेतनातून वगळलं होतं, कारण तेव्हा ते शेजारची बाई येऊन बसते असं धरलं जायचं. पुढे मोठमोठ्या एजन्सी आल्या, आपल्याकडे ब्युरोच्या मावशी येतात ना तसंच, अंघोळ घालणं, उचलून बसवणं, औषधं, रात्रपाळी, सगळी कष्टाची कामं, आणि कायदा मात्र जुनाच. २०१३ ला खात्याने नियम बदलला की एजन्सीतर्फे काम करणाऱ्यांना किमान वेतन आणि ओव्हरटाइम द्यायचा. एजन्सीवाले कोर्टात गेले, खालच्या कोर्टात जिंकले, आणि २१ ऑगस्ट २०१५ ला अपिलात हरले. निकालपत्र श्रीनिवासन यांचं, तिन्ही जज एकमताने, त्यातले एक बुश यांनी नेमलेले. जवळपास वीस लाख कामगारांचा प्रश्न होता, बहुतेक बायका. ज्यांना कंपन्यांचा माणूस म्हणून त्यांची भीती वाटत होती त्यांना हा निकाल वाचून काय वाटलं असेल, गुहागरच्या दादांनी पण वाचावा. मात्र २०२५ ला खात्याने हा नियम मागे घ्यायचा प्रस्ताव आणलाय, तेव्हा मुलीला लक्ष ठेवायला सांगा.

प्रश्न : टिकटॉकच्या केसमध्ये दोन्ही भारतीय वंशाचे जज एकाच बाजूला होते का? – ठाणे

निकाल एकच, कारणं वेगळी. टिकटॉक चिनी मालकाने विकावं नाहीतर ते अमेरिकेत बंद, असा तो कायदा, आणि ६ डिसेंबर २०२४ ला तिघांनीही तो कायम ठेवला. बोलण्याच्या स्वातंत्र्यावर येणारा कायदा टिकतो का हे तिथलं कोर्ट कडक किंवा मधल्या कसोटीवर तपासतं. नेओमी राव यांनी कडक कसोटीवर कायदा तपासणाऱ्या मुख्य निकालावर सही केली, श्रीनिवासन यांनी स्वतंत्र लिहिलं की सरकारला इतक्या कडक कसोटीवर घासायची गरजच नाही, मधली कसोटी पुरे, आणि तिच्यावर हा कायदा टिकतो. जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टाने पण मधलीच कसोटी लावून कायदा कायम केला. राव यांचे आईवडील भारतातून गेलेले पारशी, त्यांचा जन्म डेट्रॉइटचा, ट्रम्प यांनी त्यांचं नाव २०१८ ला व्हाइट हाउसमधल्या दिवाळीच्या कार्यक्रमात जाहीर केलं होतं. त्या विचारांनी श्रीनिवासन यांच्यापेक्षा बऱ्याच वेगळ्या आहेत, आणि गंमत म्हणजे त्यांनी पण विल्किन्सन यांच्याकडेच क्लार्कगिरी केली होती. वंश एक म्हणून मत एक असेल असं धरायचं काही कारण नाही.

प्रश्न : ते सुप्रीम कोर्टात जातील का? – पुणे

२०१६ ला फार जवळ आले होते. फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाचे जज स्कॅलिया वारले, ओबामांच्या शेवटच्या यादीत श्रीनिवासन होते असं तेव्हाच्या सगळ्या बातम्यांत होतं, पण निवड झाली मेरिक गार्लंड यांची, तेव्हा ते याच डीसी सर्किटचे मुख्य जज होते. सिनेटने गार्लंड यांची सुनावणीच घेतली नाही, वर्षअखेरपर्यंत नाव पडून राहिलं. त्यानंतर फेब्रुवारी २०२० ला गार्लंड यांच्याकडून मुख्य जजचं पद श्रीनिवासन यांच्याकडे आलं, एखाद्या फेडरल सर्किटचे मुख्य झालेले ते पहिलेच दक्षिण आशियाई वंशाचे. त्या पदासाठी कुणी नेमत नाही, ज्येष्ठतेने मिळतं, मुदत जास्तीत जास्त सात वर्षं, म्हणजे त्यांची फेब्रुवारी २०२७ ला पूर्ण होते. मग परत त्याच कोर्टात साधे जज म्हणून बसतील. सुप्रीम कोर्टासाठी हल्ली पन्नाशीच्या आतबाहेरचे लोक शोधतात, म्हणजे ती खुर्ची जास्तीत जास्त वर्षं आपल्या बाजूला राहावी, आणि ते १९६७ चे, म्हणून मला ते आता अवघड वाटतं.

सांगोल्याच्या वाचकांनी डाळिंबाच्या केसचं निकालपत्र मागितलं होतं. ते कोर्टाच्या वेबसाइटवर फुकट मिळतं, तरी मी प्रिंट काढून पाठवलीय, सोबत मुख्य चार पानांवर पेन्सिलीने मराठीत लिहून दिलंय.